10054 म्हणजे ‘नेट तपासा’ नव्हे: सॉकेट एररची शीट दुसऱ्यांदा लिहिताना

पार्श्वभूमी

पुण्यातली एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी आणि तिने पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघासाठी केलेलं काम, एवढीच ओळख इथे पुरे. दोघांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. एरर शीट, म्हणजे सॉकेटच्या (प्रोग्रॅम ज्या टोकातून नेटवर्कशी बोलतो त्याच्या) एररचे नंबर आणि उपाय यांचा तक्ता, नव्याने लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ‘दोन दिवसांत उरकेल’ असं सगळ्यांनी धरलं होतं. ते दोन महिने चाललं.

संकलन केंद्रावर काय होतं ते आधी सांगते. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध काट्यावर ओततात, नमुना फॅट मशिनमध्ये जातो. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) हे आकडे वायरीने केंद्रावरच्या विंडोज पीसीत येतात, दर निघतो, पावती छापली जाते आणि नोंद मोबाइल डोंगलवरून आमच्या सर्व्हरकडे निघते. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या, सहाशेच्या आसपास केंद्रं. एका शेतकऱ्याला साधारण 20 सेकंद लागतात, म्हणजे पाळी भरात असताना सर्व्हरकडे सेकंदाला तीसेक नोंदी यायच्या. लाइट गेली किंवा नेट गेलं तर नोंदी पीसीतच साठतात आणि लाइन आली की सगळ्या एकदम निघतात. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ या ‘एकदम’मध्ये होतं, पण ते कळायला आम्हाला वेळ लागला.

फोनवर मदत करणाऱ्या सपोर्टच्या मुलींकडे एक पानाची एरर शीट होती. डावीकडे विंडोजचा नंबर, मधे इंग्रजी वाक्य, उजवीकडे उपाय. कुणीतरी पूर्वी सिस्टिमच्या संदेशांचं सरळ मराठी करून ती बनवली होती. त्यातल्या तीन ओळी:

10053: तुमच्या संगणकातील सॉफ्टवेअरने कनेक्शन तोडले. अँटिव्हायरस बंद करा.
10054: समोरून कनेक्शन तुटले. इंटरनेट तपासा.
10060: सर्व्हर बंद. ऑफिसला कळवा.

प्रोग्रॅमरांसाठी सर्व्हरच्या एररची वेगळी यादी होती. तिच्यात ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ या वाक्यापुढे लिहिलं होतं, ‘आयपी बदलला आहे, सर्व्हर रीस्टार्ट करा’.

अडचण

पावसाळ्याचे दिवस, वाड्यावस्त्यांवर लाइटचा खेळखंडोबा. एका मोठ्या केंद्राच्या सचिवांचा सलग चौथ्या दिवशी फोन आला. मी त्या वेळी सपोर्टच्या टेबलाशी उभी होते, म्हणून संभाषण कानावर पडलं.

‘‘मॅडम, परत तेच. दहा हजार चोपन्न.’’

‘‘सर, नेट चेक करा ना एकदा. डोंगल काढून परत लावा.’’

‘‘नेट चालतंय ओ. मोबाइलवर व्हिडिओ लागतोय. परवा तुमी म्हनला म्हनून नवीन डोंगल आनलं, शिमकार्ड बदललं. आता काय टॉवर बदलू का?’’

मी नंतर त्यांना स्वतः फोन केला. बोलताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आमच्या कुठल्याच लॉगमध्ये नव्हत्या. एक, लाइट जाऊन आली की हा एरर हमखास येतो, पण शेजारच्या वाडीवरच्या छोट्या केंद्राला लाइट गेली तरी कधी येत नाही. दुसरी, रोज संध्याकाळी पहिल्या किटलीला एकदा अडतं, दुसऱ्यापासून सुरळीत. ‘‘आमी तर पहिल्याला थांबायलाच सांगतो,’’ ते म्हणाले.

त्याच आठवड्यात सर्व्हरच्या बाजूला ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ दिसू लागला. ड्युटीवरच्या मुलाने यादीप्रमाणे आयपी तपासला. तो होता तिथेच होता. मग रीस्टार्ट केला, एरर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘रीस्टार्ट केला की जातं’ ही समजूत पक्की व्हायला दोन दिवस पुरले.

आता त्या वाक्याकडे बघा. ‘मागितलेला ॲड्रेस देता येत नाही.’ आमच्या कोडमध्ये कुणीही कुठलाही ॲड्रेस मागितलेला नव्हता. कोड फक्त ‘कनेक्ट’ म्हणत होता. मुद्दा असा की सॉकेटच्या भाषेत ॲड्रेस म्हणजे आयपी (मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या मशिनवरच्या दाराचा क्रमांक) मिळून. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला आपल्या बाजूचा एक पोर्ट लागतो, तो आपण निवडला नाही तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, निवडतो. लिनक्समध्ये त्यासाठी मुळात ठेवलेली रांग 32768 ते 60999, म्हणजे 28,232 पोर्ट. कनेक्शन ज्या बाजूने आधी बंद केलं त्या बाजूला ते ‘टाइम-वेट’ अवस्थेत 60 सेकंद पडून राहतं, आणि तेवढा वेळ त्याच ठिकाणी जायला तो पोर्ट पुन्हा मिळत नाही. म्हणजे एका सर्व्हरवरून एकाच आयपी-पोर्टकडे मिनिटाला 28,232, सेकंदाला सुमारे 470 नवी कनेक्शनं. त्यापलीकडे गेलात की कर्नल हे वाक्य बोलतो. त्याच्या लेखी ते बरोबरच आहे, पोर्ट म्हणजे ॲड्रेसचाच भाग. वाचणाऱ्याला मात्र ते आयपीकडे पाठवतं.

आमच्या कोडमध्ये एका नोंदीमागे कॅश सर्व्हरशी (सतत लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या सर्व्हरशी) आठ कनेक्शनं उघडून बंद होत होती: दरपत्रक, सभासदाचं खातं, पाळी, उचल, पशुखाद्याची उधारी वगैरे. प्रत्येक फंक्शन वेगळ्या माणसाने लिहिलेलं, प्रत्येकाने आपापलं कनेक्शन उघडलेलं. रोजच्या पाळीत सेकंदाला 30 नोंदी गुणिले 8, म्हणजे 240. निभत होतं. लाइट आल्यावर साठलेल्या नोंदी निघाल्या की दर सेकंदाला 60 गुणिले 8, म्हणजे 480. निभायचं थांबायचं. आणि रीस्टार्टने जे ‘बरं’ व्हायचं त्यात रीस्टार्टचा वाटा नव्हता. टाइम-वेट कर्नलकडे असतो, प्रोग्रॅम मेला तरी तो संपत नाही. सर्व्हर उतरून परत चढायला मिनिटभर लागायचं, त्या मिनिटात 60 सेकंद आपसूक सरायचे.

10054 चं कारण वेगळंच निघालं, किंवा खरं तर दोन निघाली.

पहिलं कारण पहिल्या किटलीचं. केंद्राचा प्रोग्रॅम सकाळचं कनेक्शन संध्याकाळपर्यंत उघडं ठेवायचा. मधले सात-आठ तास त्यावरून एक बाइटही जात नव्हता. वाटेतली मोबाइल कंपनीची नॅट यंत्रणा (आतले आयपी बाहेरच्या आयपीशी जुळवून देणारी) असं निपचित कनेक्शन विसरून जाते. आरएफसी 5382 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) म्हणते की चालू टीसीपी कनेक्शन (डेटा खात्रीने पोचवणाऱ्या नियमांवर चालणारं) नॅटने निदान 2 तास 4 मिनिटं तरी लक्षात ठेवावं. हा आकडा आला कुठून, तर कीप-अलाइव्हच्या (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणाऱ्या छोट्या निरोपाच्या) 2 तासांच्या ठरलेल्या मुदतीवरून. प्रत्यक्षात बरीच यंत्रं त्याच्या खूप आधी विसरतात, आणि आमच्या प्रोग्रॅमने तर कीप-अलाइव्ह चालूच केलेलं नव्हतं. संध्याकाळी पहिली नोंद निघायची, वाटेतल्या कुणाला तरी हे कनेक्शन अनोळखी वाटायचं, आणि तो रीसेट, म्हणजे कनेक्शन तिथल्या तिथे तोडण्याचा निरोप, पाठवायचा. वाक्य म्हणतं ‘बाय पीअर’, समोरच्याने तोडलं. समोरच्याला, म्हणजे आमच्या सर्व्हरला, याचा पत्ताही नसायचा.

दुसरं कारण मोठ्या केंद्राचं. आमच्या सर्व्हरला एका वेळी 64 केबीहून मोठा गठ्ठा घ्यायची मनाई होती. एक नोंद 300 बाइटच्या आसपास, म्हणजे 218 नोंदींपर्यंत ठीक. वाडीवरच्या केंद्राचे शेतकरीच तेवढे नव्हते. या सचिवांकडे एका पाळीला त्याहून जास्त. अख्खी पाळी साठली की गठ्ठा मोठा व्हायचा. सर्व्हर पहिला भाग वाचून ‘गठ्ठा फार मोठा आहे’ असं व्यवस्थित उत्तर पाठवायचा आणि उरलेला डेटा न वाचताच सॉकेट बंद करायचा. घोडं इथे पेंड खायचं. न वाचलेला डेटा बाकी असताना सॉकेट बंद केला, की टीसीपी साधा निरोप न घेता रीसेट पाठवते. आरएफसी 1122 मध्ये 1989 सालीच तसं सांगितलेलं आहे, कारण डेटा हरवला हे पलीकडच्याला कळायला हवं. तो रीसेट केंद्रावर पोचला की आधी आलेलं, पण अजून न वाचलेलं उत्तरही त्याबरोबर पुसलं जातं. म्हणजे सर्व्हरने नेमकं कारण सांगितलं होतं आणि त्यानेच ते जाताना पुसलंही होतं. सचिवांच्या हातात उरायचा 10054, आणि आमच्या शीटमध्ये त्यापुढे ‘इंटरनेट तपासा’.

त्या डोंगलचे आणि सिमचे पैसे त्यांनी केंद्राच्या खर्चातून दिले होते. संघाच्या सभेत त्यांना त्याचा खुलासा करावा लागला. हे ऐकल्यावर ‘शीटमध्ये दोन ओळी दुरुस्त करू’ या विचारावर मी थांबू शकले नाही.

समोर आलेले पर्याय

टीममध्ये चार मतं होती आणि चारही मनापासून मांडलेली होती.

एक मत असं की कोड दुरुस्त करा, शीटला हात लावू नका. बग गेला की एरर गेला, मग लिहायचं कशाला? याला माझं उत्तर होतं की हे दोन बग जातील, पण 10054 जाणार नाही. नॅट विसरायचं थांबणार नाही, टॉवर पडायचे थांबणार नाहीत. उद्या तिसऱ्या कारणाने तोच नंबर येईल आणि सपोर्ट परत ‘नेट तपासा’च म्हणेल.

दुसरं मत, तक्ता आहे तसाच ठेवून उजवीकडची वाक्यं सुधारा. दोन दिवसांचं काम. मी सुरुवात इथूनच केली आणि 10054 पाशीच अडले. त्या चौकोनात तीन कारणं लिहिली की फोनवरच्या मुलीने तिन्हीतलं कुठलं निवडायचं?

तिसरं, नंबर टाकूनच द्या आणि केंद्रावर फक्त ‘नोंद गेली नाही, पुन्हा प्रयत्न होईल’ एवढं दाखवा. सचिवांच्या दृष्टीने हे खरंच बरं होतं. पण मग आमच्याकडे येणारी एकमेव खूणही बुजली असती.

चौथं मत एका सीनियर सहकाऱ्याचं. ते फार बोलत नसत. ते म्हणाले, ‘‘एरर काय म्हणतो ते शेवटी बघा. आधी बघा तो कुठल्या कॉलला आला आणि किती वेळाने आला.’’ शेवटी शीटचा सांगाडा या एका वाक्यावर उभा राहिला.

कारण वेळ हा सगळ्यात खरा साक्षीदार असतो. ‘कनेक्ट’ म्हटल्यावर लिनक्सवर क्षणात ‘रिफ्यूज्ड’ (नकार) आलं, तर कुणीतरी उत्तर दिलंय. काहीच न होता दोन मिनिटांनी ‘टाइम्ड आउट’ आलं, तर पाकिटं (डेटाचे तुकडे) कुठेतरी गपचूप गिळली जातायत. आमच्या सर्व्हरवरच्या कर्नलमध्ये ही वाट पाहणं 1, 2, 4, 8, 16, 32, 64 सेकंद अशा थांब्यांनी चालायचं, बेरीज 127. म्हणून लॉगमध्ये 127 सेकंद दिसले की न बोलताही बरंच कळायचं. (नव्या कर्नलमध्ये हे थांबे बदललेत, त्यामुळे शीटमध्ये आकड्याशेजारी कर्नलची आवृत्ती लिहावी लागली.) जुन्या शीटमध्ये 10060 पुढे ‘सर्व्हर बंद’ होतं. सर्व्हर चालू असेल आणि फक्त त्यावरचा प्रोग्रॅम बंद असेल, तर सहसा 10061 (‘रिफ्यूज्ड’) येतो, 10060 (‘टाइम्ड आउट’) नाही. म्हणजे ते वाक्य बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला उठवत होतं.

भाषेचा प्रश्न वेगळा होता. सपोर्टचं सगळं बोलणं मराठीत. प्रोग्रॅमरांपैकी काही जण मराठी वाचणारे नव्हते. एकच मराठी शीट, एकच इंग्रजी शीट, की दोन? आम्ही दोन ठरवल्या. प्रोग्रॅमरांसाठी इंग्रजी, फोनसाठी मराठी. या निर्णयाकडे शेवटी परत येते.

केलेलं काम

पहिला नियम मी स्वतःसाठी केला: जो एरर आपण हाताने घडवून पाहिला नाही, त्यापुढे कारण लिहायचं नाही. त्यासाठी एक जुना विंडोज पीसी, एक डोंगल आणि एक लिनक्स मशिन एवढं मागून घेतलं.

या नियमाने माझीच वाक्यं खोडायला लावली. मी लिहिलं होतं, ‘रिफ्यूज्ड म्हणजे मशिनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही.’ मग लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ‘रिजेक्ट’चा साधा नियम लावून पाहिला. प्रोग्रॅम ऐकत होता, तरीही ‘रिफ्यूज्ड’च आलं, कारण फायरवॉलचा ‘पोर्ट पोचण्याजोगा नाही’ हा निरोपही कर्नल त्याच शब्दांत सांगतो. तोच नियम ‘होस्टला मनाई’ या प्रकारचा लावला तर ‘नो रूट टू होस्ट’ आलं. रूट तर धडधडीत होता, त्याच मशिनला पिंग जात होतं. या वाक्यापायी आमच्या एका सहकाऱ्याने पूर्वी अर्धा दिवस राउटिंगचे तक्ते चाळले होते, तेव्हा हे आधी माहीत असतं तर, असं वाटून गेलं. ‘ड्रॉप’ लावलं तर नुसती शांतता आणि मग टाइमआउट. विंडोजवर ‘रिफ्यूज्ड’ यायलाही एक-दोन सेकंद लागतात, कारण नकार आल्यावरही विंडोज पुन्हा प्रयत्न करून बघतं. म्हणून ‘क्षणात’ हा शब्द मराठी शीटमधून काढला.

मोठ्या गठ्ठ्याचा रीसेट घडवताना आणखी एक गोष्ट कळली. आमच्या लिनक्स लॅपटॉपवर तोच प्रयोग केला की बऱ्याचदा सर्व्हरचं उत्तर वाचता यायचं. विंडोज पीसीवर ते हातात पडायचंच नाही, कधी 10054 तर कधी 10053. म्हणजे ‘आमच्याकडे येत नाही’ हे प्रोग्रॅमरांचं म्हणणं खरं होतं आणि सचिवांचं म्हणणंही खरं होतं. आणि 10053 च्या ‘तुमच्या मशिनमधल्या सॉफ्टवेअरने’ या शब्दांतलं सॉफ्टवेअर म्हणजे विंडोजचा स्वतःचा टीसीपीचा भाग. त्याने हार मानली की हा नंबर येतो. अँटिव्हायरसमुळेही तो येऊ शकतो, पण पहिला संशय तिथे घ्यायचं कारण नाही. किती केंद्रांवर आम्ही अँटिव्हायरस बंद करायला लावला असेल, ते मोजलेलं नाही.

नंबरांचा गुंताही सोडवावा लागला. रीसेटचा नंबर विंडोजवर 10054, सर्व्हरच्या लिनक्सवर 104, एका सहकाऱ्याच्या मॅकवर 54. बर्कलेच्या युनिक्समध्ये 1983 साली सॉकेट आले तेव्हाचा नंबर 54. मॅकने तो तसाच ठेवला, विंडोजने त्यात 10,000 मिळवले, लिनक्सने आपली वेगळी मोजणी केली. हे एकदा समजलं की 10060 आणि 60, 10061 आणि 61 आपोआप जुळतात. लिनक्सचे 110 आणि 111 तेवढे पाठ करावे लागतात. इंग्रजी शीटमध्ये प्रत्येक एररखाली तिन्ही नंबर आणि तिन्हीकडचं मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवलं, कारण माणूस शोधतो तो समोर दिसलेल्या शब्दांनी.

नव्या शीटमधली एक नोंद नमुन्यादाखल देते, मराठी रूपात:

‘‘दिसतं ते: कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस. लिनक्स 99, मॅक 49, विंडोज 10049.
आधी बघा, हा ‘बाइंड’ला (आपल्या बाजूचा ॲड्रेस घेताना) आला की ‘कनेक्ट’ला (पलीकडे जोडताना).
बाइंडला आला: सेटिंगमध्ये दिलेला आयपी या मशिनचा नाही. मशिन बदलल्यावर किंवा कंटेनरमध्ये टाकल्यावर होतं. शब्दांचा सरळ अर्थ इथे लागू.
कनेक्टला आला: बहुतेक वेळा आपल्या बाजूचे पोर्ट संपलेत. आयपीला हात लावू नका. एकाच ठिकाणची टाइम-वेट कनेक्शनं मोजा. आकडा 28,000 च्या जवळ असेल तर हेच.
रीस्टार्ट करू नका. मिनिटभर थांबलात तरी तेवढंच होईल, आणि पुरावा जाईल.
विंडोजवर पोर्ट संपले तर हा नंबर न येता 10048 किंवा 10055 येऊ शकतो.
घडवून पाहिला: होय, लिनक्सवर. पोर्टची रांग मुद्दाम 100 वर आणून.’’

‘रीस्टार्ट करू नका’ या वाक्यावर बराच वाद झाला. पहाटे साडेपाचला एकट्याने ड्युटी करणाऱ्याला काहीच करू नको म्हणणं अवघड आहे. शेवटी त्याखाली एक ओळ वाढवली: आधी ‘एसएस’ या कमांडचं (ती चालू कनेक्शनांची यादी देते) आउटपुट फाइलमध्ये घ्या, मग हवं ते करा.

फोनच्या मराठी शीटमध्ये नंबर दुसऱ्या पानावर गेले. पहिल्या पानावर चार प्रश्न आले: पाळीतली पहिलीच नोंद की मधली? लाइट जाऊन आली का? किती नोंदी साठल्यात? बटण दाबल्यावर लगेच आला की वाट बघून? यातले पहिले तीन सरळ सचिवांच्या तोंडून आलेले होते.

शीट लिहिता लिहिता कोडही सुधारत गेला. कॅशसाठी कनेक्शन पूल, म्हणजे उघडी कनेक्शनं परत परत वापरायची सोय, आला. त्याआधी पोर्टची रांग वाढवणं आणि टाइम-वेटमधले पोर्ट लवकर वापरायची कर्नलची सेटिंग, हे दोन सोपे उपाय पुढे आले होते. रांग तात्पुरती वाढवली, दुसऱ्याला हात लावला नाही. गठ्ठा 100 नोंदींचा केला. सर्व्हर आता उत्तर दिल्यावर आपली लिहायची बाजू बंद करतो, पलीकडचा डेटा थोडा वेळ वाचून टाकून देतो आणि मग सॉकेट मिटतो. एचटीटीपीच्या आरएफसी 9112 मध्ये हीच रीत दिलेली आहे. कनेक्शन दुपारभर उघडं ठेवणं बंद केलं, पाळी संपली की मिटतं.

काय झालं

‘कॅनॉट असाइन’ पूल आल्यावर सर्व्हरवर परत दिसला नाही. मोठ्या केंद्रांचे लाइटनंतरचे फोनही बंद झाले. सचिवांनी पुढच्या महिन्यात फोन केला तो पावतीवरच्या अक्षरांच्या आकाराबद्दल.

10054 मात्र येतच राहिला. पण फोनवरची भाषा बदलली. सपोर्टची एक मुलगी स्वतःहून लॉगच्या तिकिटात लिहू लागली, ‘मधली नोंद, लाइट गेलेली नाही, वाट बघून आला’. त्या एका ओळीवरून एका तालुक्यातल्या केंद्रांचा वेगळाच त्रास सापडला: तिथल्या डोंगलवर मोठी पाकिटं जात नव्हती, छोटी जायची. जुन्या शीटने तो ‘इंटरनेट तपासा’मध्ये पुरला असता.

प्रोग्रॅमरांच्या इंग्रजी शीटचा वापर अपेक्षेपेक्षा कमी झाला. लोक शीट उघडायच्या आधी आपला अंदाज बांधून मोकळे होतात. म्हणून नंतर कोडमध्येच बदल केला. एरर लॉग करताना त्यासोबत कॉलचं नाव, पलीकडचा आयपी-पोर्ट, लागलेला वेळ आणि त्या कनेक्शनवरून शेवटचा डेटा कधी गेला, एवढं लिहायचं. हे झाल्यावर निम्मी शीट लॉगमध्येच वाचता येऊ लागली.

आज वेगळं काय केलं असतं

लॉगमधला तो बदल मी सगळ्यात आधी केला असता. आम्ही तो शेवटी केला, कारण काम ‘शीट लिहिण्याचं’ होतं आणि कोडला हात लावायला वेगळी परवानगी लागायची. ती पहिल्याच दिवशी मागायला हवी होती.

दोन भाषांत दोन शीट हा निर्णय मला आज चुकलेला वाटतो. गठ्ठा 100 नोंदींचा झाल्यावर इंग्रजी शीट त्याच दिवशी बदलली. मराठी शीटमध्ये ‘दोनशेच्या वर नोंदी साठल्या असतील तर ऑफिसला कळवा’ ही ओळ तशीच राहिली आणि सपोर्टच्या मुली कित्येक आठवडे केंद्रांना विनाकारण थांबवत राहिल्या. एकच मूळ शीट मराठीत ठेवून तिच्यात इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी ठेवली असती, आणि मराठी न वाचणाऱ्या सहकाऱ्यांसाठी त्यावरून उतारा काढला असता, तर हे टळलं असतं. फोन ज्या भाषेत येतात, मूळही त्याच भाषेत हवं होतं.

सचिवांना मी चौथ्या दिवशी फोन केला, तोही योगायोगाने. त्यांचं पहिल्या किटलीचं निरीक्षण कित्येक महिन्यांचं होतं. शीटचं काम सुरू करतानाच पाच-सहा केंद्रांवर पाळीच्या वेळी जाऊन बसायला हवं होतं. नंतर मी एका केंद्रावर गेले, पण तोवर शीट लिहून झाली होती.

नव्या शीटमध्ये 10055 च्या पुढे अजून ‘घडवून पाहिला: नाही’ असंच आहे. विंडोजवर बफरची किंवा पोर्टची जागा संपली की तो येतो हे माहीत आहे, पण केंद्रावरच्या पीसीवर तो मला आणता आला नाही. उपायाचा रकाना रिकामा ठेवलाय, आणि त्याखाली लिहिलंय की हा नंबर दिसला तर मशिन बंद करू नका, आम्हाला फोन करा.